सेल्फ मारतो, पण इंजिन उचलत नाही : गुळाच्या एका पिकअपचं प्रकरण

गुऱ्हाळांचा हंगाम ऐन भरात असताना पन्हाळा तालुक्यातली एक पिकअप टोचन करून आमच्या गॅरेजवर आली. चार सिलिंडरचं, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, बीएस-४, कॉमन रेल, म्हणजे पंपाचं डिझेल आधी एका सामायिक नळीत (रेलमध्ये) दाबाखाली साठतं आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. गाडीचं काम ठरलेलं : गुऱ्हाळावर गुळाचे रवे (ढेपा) भरायचे आणि सौदे सुरू व्हायच्या आत कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात पोचायचं. ड्रायव्हरमामांनी तक्रार एका वाक्यात सांगितली, "सेल्फ झ्याक मारतोय मिस्त्री, पण गाडी उचलतच न्हाई." म्हणजे स्टार्टर मोटर इंजिन फिरवतेय, पण इंजिन चालू होत नाही.

गाडी येईपर्यंत बराच खर्च होऊन गेला होता. नवी बॅटरी घातली होती, सेल्फ खोलून बुश आणि कार्बन बदलले होते, डिझेल फिल्टर नवा होता, क्रँक सेन्सरही (इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा) नवा होता. शेवटी एका ठिकाणी "पंप गेलाय" असं निदान झालं. कॉमन रेलचा हाय प्रेशर पंप म्हणजे पाच आकडी खर्च. मालक तोही करायला निघाले होते. तो पंप शेवटपर्यंत शाबूत निघाला. गाडीतला खरा दोष पंपापासून हातभर अंतरावर होता आणि तो कुणी मोजला नव्हता, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

मामांनी जे सांगितलं

अशा गाडीला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावायच्या आधी चालवणाऱ्या माणसाला बसवून विचारावं, या मताचा मी आहे. मालकाला खर्च माहीत असतो, आजार ड्रायव्हरला माहीत असतो.

"मामा, पहिल्यांदा अडकली कधी?"

"दिवाळीच्या पुढं. यार्डात माल उतरवला, च्या पिऊन आलो आन् सेल्फ मारला, तर लई येळ नुसतीच फिरली. मग कशीबशी उचलली."

"आणि सकाळी?"

"सकाळच्याला गार असली की एका सेल्फात. गरम झाली की नखरं. आता आठ दिवस झालं, गारबी उचलंना."

"धक्का मारून?"

"व्हय, उताराला सोडली की लगीच. म्हणून तर सेल्फ खोलला की."

या तीन उत्तरांत निम्मं निदान होतं. धक्क्यावर उचलते म्हणजे सेल्फ कमजोर, हा समज पूर्वी बऱ्याचदा खरा ठरायचा. पण इथे सेल्फ जोरात मारत होता, तरीही इंजिन उतारालाच उचलत होतं. म्हणजे सेल्फच्या वेगाने फिरवल्यावर जी गोष्ट पुरेशी तयार होत नव्हती, ती जास्त वेगाला पुरेशी होत होती. दुसरा धागा गरम-गारचा. डिझेल तापलं की पातळ होतं. कुठे अंतर्गत गळती असेल, तर गार डिझेलला जी फट अडवते तिच्यातून गरम डिझेल सटकतं. जुन्या पंपाच्या गाड्या गरम झाल्यावर उचलेनाशा झाल्या की जाणते मिस्त्री पंपावर ओलं पोतं टाकायचे, ते याच कारणासाठी. आणि गळती महिन्या-दोन महिन्यांत वाढत जाऊन शेवटी गार इंजिनालाही अडवू लागली होती. सेन्सर किंवा वायर सहसा अशी पायरीपायरीने मरत नाही.

एवढ्यावर निदान सांगून टाकलं नाही. संशय मनात ठेवला आणि तपासणीला लागलो.

फिरतं म्हणजे नेमकं काय चालू आहे

डिझेल इंजिन उचलायला चार गोष्टी लागतात : फिरण्याचा वेग, हवा, ती दाबून तापवणारं कॉम्प्रेशन, आणि योग्य वेळी योग्य दाबाने आत जाणारं डिझेल. कॉमन रेलमध्ये या शेवटच्या गोष्टीवर ईसीएमचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) ताबा असतो, त्यामुळे सिग्नलचा प्रश्न त्यातच येतो.

वेग तपासायला बॅटरीवर मीटर लावला. उभ्या स्थितीत १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४. उत्तम. सेल्फ मारताना कान देऊन ऐकलं, तर चारही दाबांचा ताल एकसारखा येत होता. टायमिंग (क्रँक आणि कॅम जोडणारा पट्टा किंवा साखळी) तुटलं असेल किंवा एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं असेल, तर हा आवाज लगेच बदलतो. टायमिंग तुटलेलं इंजिन ओझं नसल्यासारखं भर्रकन फिरतं. इथे तसं काही नव्हतं. एअर फिल्टर काढून पाहिला, वाट मोकळी होती. डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझत होता, म्हणजे चावीची ओळख पटत होती.

मग सायलेन्सर. ही तपासणी फुकटची आहे आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून धूर बघायचा. पांढरा, डोळे झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये. मग हीटर प्लग (गार इंजिनात आतली हवा तापवणारे), कॉम्प्रेशन, टायमिंग यांच्याकडे वळायचं. धूरच नसेल, तर आत डिझेल जातच नाहीये. आमच्या गाडीला सेल्फ मारताना सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरं फडकं धरलं. फडकं हललं, पण त्याला वासही लागला नाही. हीटर प्लग, हवा, कॉम्प्रेशन ही सगळी फांदी इथेच बाजूला पडली.

पेट्रोल गाडीत हाच खेळ थोडा वेगळा असतो. तिथे चावी ऑन केल्यावर टाकीतल्या पंपाचा दोनेक सेकंदांचा गुंजारव ऐकू येतो का, प्लगला ठिणगी आहे का, प्लग काढल्यावर ओला आहे की कोरडा, या तीन गोष्टींनी वाटा फुटतात. ओला प्लग आणि ठिणगी नाही, तर इग्निशन. कोरडा प्लग आणि ठिणगी आहे, तर पेट्रोल. दोन्ही नाही, तर बहुतेक वेळा क्रँक सेन्सर, मेन रिले किंवा इमोबिलायझर.

आणि पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी हा पूर्ण वेगळा विषय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कोल्हापुरातल्या गॅरेजवाल्यांनी हे पुरेसं भोगलंय. त्या गाडीला सेल्फ मारूच नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

स्कॅनरवरचे आकडे

स्कॅनर लावल्यावर पी-००८७ कोड मिळाला, म्हणजे रेलमधला दाब कमी. कोड वाचून तिथेच पंप मागवला जातो, हा सध्याचा मोठा रोग आहे. कोड लक्षण सांगतो, गुन्हेगाराचं नाव सांगत नाही.

लाइव्ह डेटावर सेल्फ मारून आकडे पाहिले. इंजिनाचा वेग २३० आरपीएम. हा आकडा येतोय म्हणजे क्रँक सेन्सर जिवंत आहे; सिग्नल मेला असता तर सेल्फ मारतानाही तिथे शून्य दिसलं असतं. एवढं एकदा पाहिलं असतं, तर मालकांचा क्रँक सेन्सरचा खर्च वाचला असता. कॅम आणि क्रँकचा मेळही जुळलेला दिसत होता. रेल प्रेशर मात्र मागणी ३०० बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका), प्रत्यक्षात ९० ते ११०. या इंजिनाचा ईसीएम साधारण २०० बारच्या खाली इंजेक्टर उघडायचा हुकूमच देत नाही. म्हणून धूर नव्हता. म्हणूनच उताराला वेग वाढला की पंपाचा पुरवठा वाढायचा, दाब ती पायरी ओलांडायचा आणि इंजिन उचलायचं.

पण दाब खरंच कमी आहे की सेन्सर खोटं बोलतोय? हा प्रश्न विचारायलाच हवा. रेल प्रेशर सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा असतो. इंजिन बंद, चावी ऑन, दाब शून्य, अशा वेळी सिग्नल वायरवर ०.५ व्होल्ट मिळाले. या सेन्सरचा टप्पा १८०० बारपर्यंत, तिथे ४.५ व्होल्ट, म्हणजे दर १०० बारमागे सुमारे ०.२२ व्होल्ट. सेल्फ मारताना मीटरवर ०.७ च्या आसपास दिसत होतं. हिशोब जुळला. सेन्सर खरं सांगत होता.

दाब तयार होत नाही, की टिकत नाही?

इथून पुढचा भाग या प्रकरणाचा गाभा आहे. कोल्हापूरच्या मिस्त्रींची पिढीच्या पिढी ऑइल इंजिनांवर आणि जुन्या डिझेल पंपांवर तयार झाली. उद्यमनगरच्या फौंड्र्या आणि मशीन शॉप यांच्या जोरावर या शहराने इंजिनं ओतली, घडवली, दुरुस्त केली. त्या विद्येत "डिझेल येतंय का?" हा पहिला प्रश्न. युनियन नट सैल करायचा, सेल्फ मारायचा, डिझेल उडालं की नट आवळायचा. त्या यंत्राला तो प्रश्न पुरायचा. कॉमन रेलमध्ये डिझेल "येतंय" याला काही अर्थ नाही. १०० बारलाही ते येतंच होतं. किती दाबाने येतंय, आणि दाब कमी असेल तर तो वाटेत कुठे चाललाय, हे विचारावं लागतं.

शिवाय कॉमन रेलवर नट सैल करून बघणं जिवावर बेतू शकतं. चालू इंजिनात रेलमध्ये १६०० बारपर्यंत दाब जातो. केसाएवढ्या फटीतून निघालेली धार कातडीतून आत शिरते. वरून सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत डिझेल पसरत जातं. असं झालं तर घरी हळद लावून बसायचं नाही, तडक मोठ्या दवाखान्यात जायचं आणि "जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना सांगायचे. ताबडतोब ऑपरेशन लागू शकतं. आमच्याकडे इंजिन बंद करून काही मिनिटं गेल्याशिवाय आणि स्कॅनरवर दाब शून्य दिसल्याशिवाय हाय प्रेशर पाइपला पाना लागत नाही. नव्या पोरांना पहिली शिकवण तीच.

असो. आधी लो प्रेशर बाजू, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी जोडून सेल्फ मारला. कुठे एअर धरत असेल तर या नळीत बुडबुडे पळताना दिसतात. एकही नव्हता. हातपंप दाबल्यावर घट्ट होत होता आणि घट्टच राहत होता. डब्यात काढलेली धार भरपूर होती. म्हणजे पंपाच्या तोंडापर्यंत डिझेल नीट पोचत होतं.

फिल्टरच्या तळाचा पाण्याचा नट मात्र सैल करून काचेच्या ग्लासात धरला, तेव्हा खाली चांगलं बोटभर पाणी साचलं. पाणी आणि डिझेल यांच्यातली रेषा स्पष्ट, आणि पाण्याच्या बुडाशी तपकिरी गाळ, चिमटीत धरला तर खरखरीत लागणारा. फिल्टर नवा होता, तरी ही अवस्था. तो ग्लास मी खिडकीत ठेवून दिला, मालकांना दाखवायला.

आता पंप. या पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) वीज नसताना पूर्ण उघडा राहतो. त्याचा कपलर (वायरचा जोड) काढून सेल्फ मारला, म्हणजे पंपाला हवं तेवढं डिझेल घ्यायची मुभा दिली. दाब १३० च्या आसपास जाऊन थांबला. व्हॉल्व्ह वाट अडवत नव्हता, एवढं कळलं. पण याच टप्प्यावर "मग पंपच गेला" असं म्हणणं चुकीचं आहे. पंप भरतोय त्याच वेगाने कुठूनतरी डिझेल रिकामं होत असेल, तरी आकडा हाच येणार. फुटक्या घागरीत पाणी ओतताना विहिरीला दोष देता येत नाही.

रिकामं व्हायच्या वाटा मोजक्या : रेलवरचा प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह (दाब फार वाढला तर डिझेल सोडणारा) आणि चार इंजेक्टर. लिमिटिंग व्हॉल्व्हची रिटर्न नळी (डिझेल टाकीकडे परत नेणारी) सोडून सेल्फ मारला. कोरडी. मग चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या क्लिप काढल्या, प्रत्येकाला सलाईनची एक-एक नळी जोडली आणि औषधाच्या चार सारख्या बाटल्या बॉनेटच्या दांडीला तारेने टांगल्या. बाजारात याचं तयार किट मिळतं. आमच्या बाटल्याही तेच काम करतात, फक्त चारही सारख्या आणि स्वच्छ हव्यात.

पंधरा सेकंद सेल्फ. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या नळीत डिझेल जेमतेम पुढे सरकलं, बाटलीपर्यंत पोचलंसुद्धा नाही. तिसऱ्या नळीतून सेल्फ सुरू होताक्षणी धार लागली. थेंब नाही, धार. सेल्फ थांबवला तेव्हा तिसऱ्या बाटलीचा तळ पूर्ण झाकून डिझेल वर चढलेलं होतं. मामा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "हितंच मुरतंय की सगळं!"

सेल्फवर धडधाकट इंजेक्टरचं रिटर्न जवळपास शून्य असतं. तिसरा इंजेक्टर पंपाने तयार केलेला दाब सरळ टाकीकडे परत पाठवत होता.

तरीही खात्रीची एक चाचणी बाकी होती, आणि ती केल्याशिवाय भाग मागवू नये असं मी ठामपणे म्हणेन. तिसऱ्या इंजेक्टरचा हाय प्रेशर पाइप रेलकडून काढला आणि रेलच्या त्या तोंडाला त्याच मापाचं स्टीलचं टोपण ठरलेल्या टॉर्कने घट्ट बसवलं. जुगाडाचा बोल्ट इथे अजिबात चालत नाही. सेल्फ मारला. स्कॅनरवर दाब १००, २००, ३०० करत ३८० पर्यंत गेला आणि इंजिन उचललं. तीन सिलिंडरवर, लंगडत, सगळी गाडी हलवत, पण स्वतःच्या जोरावर. पंपावरचा आरोप तिथेच मिटला. इंजिन लगेच बंद केलं.

दुरुस्ती

चारही इंजेक्टर काढून बेंचवर (इंजेक्टर तपासायच्या यंत्रावर) तपासायला पाठवले. तीन मापात आले. तिसऱ्याच्या आत रिटर्न अडवणारी बारीक गोळी जिथे बसते, ती बैठक खरवडली गेली होती. ती बैठक आणि गोळी यांच्यात केसाहून कितीतरी बारीक चिरही चालत नाही. फिल्टरखाली मिळालेला तो गाळ आणि पाणी यांचं हे काम.

तिसऱ्याच्या जागी नवा इंजेक्टर घेतला. बसवताना तीन गोष्टींकडे लक्ष दिलं. जुना कॉपर वॉशर इंजेक्टरबरोबर वर येत नाही, तो बऱ्याचदा खाली चिकटून राहतो. त्याच्यावरच नवा टाकला तर इंजेक्टर वर राहतो आणि बाजूने कॉम्प्रेशन फुटतं. म्हणून बैठक साफ करून, टॉर्च मारून आत पाहूनच नवा वॉशर टाकला. तिसऱ्याचा हाय प्रेशर पाइप नवा घातला. आणि नव्या इंजेक्टरवर छापलेला कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरला. हा कोड भरला नाही तरी इंजिन उचलतं, पण धूर, ठोका आणि ॲव्हरेजची तक्रार घेऊन गाडी परत येते.

टाकी उतरवून धुतली. तळाशी तोच गाळ होता. हे पाऊल टाळलं असतं, तर नवा इंजेक्टर त्याच वाटेने गेला असता.

नंतरचे आकडे : गार इंजिनाला सेल्फ मारल्यावर दीडेक सेकंदात २८० बार, आणि लगेच स्टार्ट. पण तक्रार मुळात गरम इंजिनाची होती, त्यामुळे गारेवर समाधान मानून गाडी देणं बरोबर नव्हतं. माल भरलेल्या गाडीला लागतो तसा ताण पडावा म्हणून मागे वजन टाकलं, पन्हाळ्याच्या रस्त्याने वाघबीळपर्यंत चढवली आणि वर नेऊन बंद केली. बंद केल्यावर वीस मिनिटं बॉनेटखालची उष्णता साचते, पंप आणि रेल सगळ्यात जास्त तापतात ते तेव्हाच. त्यानंतर मामांनीच सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात उचलली.

डिझेल कुठलं?

मालकांना खिडकीतला ग्लास दाखवला, तेव्हा उलगडा झाला. गुऱ्हाळावर ट्रॅक्टर आणि इंजिनासाठी डिझेलचं बॅरल भरून ठेवलेलं असतं. हंगामात पेट्रोल पंपावर जायला वेळ नसला की पिकअपमध्येही त्यातलंच डिझेल कॅनने ओतलं जायचं. बॅरल उघड्यावर, चिपाडाच्या ढिगाजवळ. दिवसा ऊन, रात्री थंडी, त्यामुळे अर्ध्या रिकाम्या बॅरलच्या आत घाम सुटतो आणि पाणी तळाला बसतं. वर गुऱ्हाळाची राख आणि धूळ. जुन्या ऑइल इंजिनाला हे डिझेल पचायचं, कॉमन रेलला पचत नाही.

बॅरल बंद करा असं सांगून भागणार नव्हतं, कारण ट्रॅक्टरला ते लागणारच. म्हणून ठरलं ते असं : पिकअपला फक्त पंपावरचं डिझेल. बॅरल छपराखाली, आडवं न ठेवता उभं, आणि उपसा तळापासून वीतभर वरून. पिकअपच्या फिल्टरचं पाणी हंगामात दर आठवड्याला मामा स्वतः काढणार. त्यांना तो नट दाखवला आणि एकदा त्यांच्याच हाताने सोडवून घेतला. डॅशबोर्डवरचा पाण्याचा दिवा लागायची वाट बघायची नाही, कारण या गाडीत तो दिवा पेटलाच नव्हता. फिल्टर बदलताना सेन्सरचा कपलर सुटा राहिला होता, तो आम्ही जोडला.

मालकांनी एक विचारलं, आणि ते रास्त होतं : बाकीचे तीन इंजेक्टरही तेच डिझेल पिऊन आहेत, मग चारही का बदलले नाहीत? बेंचवर ते मापात आहेत, आणि मापात असलेली वस्तू काढून टाकायचा सल्ला मी देत नाही. पण त्यांची झीज झाली नसेल, असंही म्हणणार नाही. म्हणून चारही इंजेक्टरची रिटर्नची मापं, सेल्फवरचा रेलचा दाब आणि तो दाब यायला लागलेला वेळ जॉब कार्डवर लिहून त्याची प्रत मालकांकडे दिली आहे. हंगाम संपला की गाडी पुन्हा आणायची, त्याच बाटल्या लावायच्या आणि आकडे शेजारी-शेजारी ठेवून बघायचे.